धीर किती दिवस धरावा? दुकान, कर्ज आणि विश्वास यांविषयी एका प्रश्नाचे उत्तर

इंदूरमधील एका बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय 41 आहे. सात वर्षांपूर्वी कारखान्यातील नोकरी सुटल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छपाईचे दुकान काढले. हे दार देवानेच उघडले असे मानून त्यांनी फलकावर ‘येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे’ हे वचन रंगवून घेतले. पहिली दीड-दोन वर्षे बरी गेली. मग टाळेबंदीत लग्ने थांबली, आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पत्रिका मोबाइलवरच फिरू लागल्या होत्या. बँकेचे हप्ते भरण्यासाठी त्यांनी एका खासगी सावकाराकडून शेकडा 3 रुपये महिना व्याजाने पैसे उचलले. पत्नी परिचारिका आहेत, घर त्यांच्या पगारावर चालते, आणि दुकान बंद करावे असे त्या वर्षभर सांगत आहेत. प्रार्थनासभेतील वडीलमंडळी मात्र बायबलमधल्या, 300 माणसांनिशी मोठ्या सैन्याला हरवणाऱ्या गिदोनाची आठवण करून देतात आणि मागे फिरू नका म्हणतात. बंधू विचारतात, ‘दुकान बंद केले तर मी विश्वासात कमी पडलो असे होईल का? आणि बंद करायचे नसेल, तर धीर किती दिवस धरायचा?’

मी इंदूरमध्ये 31 वर्षे पाळक म्हणून सेवा केली आणि आता निवृत्त आहे. नगर आणि जालना भागातून दोन-तीन पिढ्यांपूर्वी नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांमध्ये माझे बहुतेक आयुष्य गेले. हा प्रश्न या काळात इतक्या निरनिराळ्या रूपांत माझ्यापुढे आला आहे की त्याचे उत्तर चार ओळींत देणे मला योग्य वाटत नाही. एक गोष्ट आधीच मान्य करतो. तुमचे दुकान चालेल की नाही हे मी सांगू शकत नाही. जागेचे भाडे किती आहे, यंत्रांचे हप्ते संपले आहेत का, कर्जाला जामीन कोण राहिले आहे, पत्नीचे दागिने किंवा घराची कागदपत्रे कुठे अडकली आहेत का, यांवर उत्तराचा निम्मा भाग अवलंबून आहे. उरलेला निम्मा भाग विश्वासाचा आहे, आणि त्याविषयी मी थोडे बोलू शकेन.

तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. दुकान काढताना तुम्ही प्रार्थना केली, मनाला शांती वाटली, जागा मिळाली, कर्ज मंजूर झाले, आणि तेव्हापासून दुकान म्हणजेच देवाने दिलेला शब्द अशी तुमच्या मनाची धारणा झाली. त्यामुळे आता दुकान डळमळले की देवाचा शब्द डळमळल्यासारखा वाटतो, आणि हिशेबाची वही उघडून पाहणेसुद्धा अविश्वासाचे वाटू लागते. देवावर विश्वास ठेवणे आणि एखादी विशिष्ट गोष्ट घडेलच असा विश्वास ठेवणे या दोन गोष्टी तुमच्यासाठी एक झाल्या आहेत. तुमची खरी अडचण हीच आहे असे मला वाटते, कारण जोपर्यंत ही गाठ सुटत नाही तोपर्यंत तुम्ही दुकान चालू ठेवले तरी भीतीने ठेवाल आणि बंद केले तरी अपराध्यासारखे कराल.

गिदोनापासून सुरुवात करतो, कारण ते उदाहरण तुमच्यावर ओझ्यासारखे ठेवले गेले आहे. बायबलमधील शास्ते या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात गिदोनाजवळ 32,000 लोक होते. जो भितो त्याने घरी जावे असे सांगितल्यावर 22,000 परत गेले, 10,000 उरले, आणि पाण्याजवळच्या परीक्षेनंतर 300 राहिले. यातल्या दोन गोष्टी आपण उपदेशात सहसा गाळतो, आणि मीही अनेक वर्षे गाळल्या. संख्या कमी करण्याचा निर्णय गिदोनाचा नव्हता. तो स्वतःच्या हट्टाने थोड्या माणसांनिशी लढायला निघाला नव्हता, उलट त्याला प्रत्येक पायरीवर स्पष्ट आज्ञा मिळत होती आणि तरीही तो भीत होता. दुसरी गोष्ट त्या 22,000 माणसांची आहे. त्यांना कोणी शाप दिला नाही, भ्याड म्हणून त्यांची नावे लिहून ठेवली नाहीत. घाबरलेल्या माणसाने लढाईतून परत जावे ही मुभा बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात नियमशास्त्रानेच दिलेली आहे. त्याच नियमात नवे घर बांधणाऱ्यालाही परत पाठवले आहे. ही कथा तुम्हाला सांगणाऱ्या वडीलमंडळींच्या मनात प्रेमच आहे यात मला शंका नाही, पण ज्या आज्ञेवर गिदोन उभा होता तशी आज्ञा लग्नपत्रिकांच्या दुकानाविषयी मिळाली आहे असे त्यांना म्हणता येणार नाही.

संख्येचाच विषय निघाला आहे तर प्रभू येशूने स्वतः दिलेला दाखला पाहा. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात एक राजा 10,000 माणसे घेऊन 20,000 माणसांच्या राजाशी लढायला निघतो. प्रभू म्हणतो की असा राजा आधी बसून विचार करील, आणि जमणार नसेल तर शत्रू दूर आहे तोच वकील पाठवून सलोख्याचे बोलणे करील. त्याच्या आधीच्या ओळीत बुरूज बांधू इच्छिणारा माणूस खर्चाचा हिशेब करतो. हे दाखले शिष्य होण्याची किंमत समजावण्यासाठी आहेत, व्यापाराचे धडे म्हणून नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण उदाहरण देताना प्रभूने हिशेब करणाऱ्या माणसाला शहाणा धरले, अविश्वासू धरले नाही. वही उघडणे पाप असते तर त्याने हे उदाहरण घेतले नसते. त्यातले ‘शत्रू दूर आहे तोच’ हे शब्द तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहेत, कारण शेकडा 3 रुपये महिना म्हणजे वर्षाला 36 रुपये होतात आणि असे कर्ज फार काळ दूर उभे राहत नाही.

येथे मला माझी एक चूक सांगावी लागेल. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या मंडळीतील एका कुटुंबाने छोटा व्यवसाय काढला होता आणि तो खालावत चालला होता. ते माझ्याकडे आले तेव्हा मी उत्साहाने त्यांच्याबरोबर उपास केला, आठवडे-आठवडे प्रार्थना केली, आणि हिशेबाविषयी एकदाही विचारले नाही, कारण पैशांविषयी विचारणे हे पाळकाचे काम नाही अशी माझी समजूत होती. त्या बाईंनी आपले दागिने विकले, मग नणंदेचे उसने घेऊन गहाण ठेवले, आणि शेवटी व्यवसाय गेलाच. पैसे गेल्याचे दुःख त्यांनी सोसले. पण नणंदेशी बोलणे बंद झाले ते आजतागायत, आणि नवरा-बायको कित्येक महिने उपासनेला आले नाहीत, कारण ‘विश्वास ठेवूनही देवाने टाकले’ असे त्यांना वाटले. देवाने त्यांना टाकले नव्हते. देवाने न दिलेले आश्वासन मी त्याच्या नावाने दिले होते. त्या कुटुंबाची मी क्षमा मागितली आणि त्यांनी ती दिली, परंतु त्यानंतर कोणालाही ‘धरून राहा’ असे सांगण्याआधी काय धरून राहायचे ते विचारण्याची मला सवय लागली.

ते काय असते याचे उत्तर मला मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात सापडले. जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल, हे वाक्य आपल्या सर्वांना पाठ आहे. त्याच्या लगेच आधीचे वाक्य मात्र फारसे कोणी म्हणत नाही, आणि ते असे आहे की अनीती वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती थंडावेल. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली म्हणजे टिकवायचे काय ते कळते. टिकवायची आहे ती प्रीती, देवावरची आणि माणसांवरची. म्हणून मी अशा कुटुंबांना आता पहिला प्रश्न दुकानाविषयी विचारत नाही. रात्री घरी गेल्यावर तुम्ही एकमेकांशी कसे बोलता, मुलगा जवळ आला की त्याच्यावर ओरडता का, पत्नीचा पगार हातात घेताना तुमच्या तोंडून कृतज्ञतेचा शब्द निघतो का, हे विचारतो. तुमची पत्नी रुग्णालयात रात्रपाळ्या करून घर चालवत आहे आणि वर्षभर एकच गोष्ट सांगत आहे. तिचे ऐकण्याला तुम्ही विश्वासाचा अभाव समजत असाल, तर थंडावणारी प्रीती हीच आहे, हे मला तुम्हाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

नव्या करारात धीर या अर्थी जो ग्रीक शब्द येतो, त्याचे दोन भाग आहेत, ‘खाली’ आणि ‘राहणे’. ओझ्याखाली राहणे, पळून न जाणे. आता प्रेषित पौलाकडे पाहा, कारण या शब्दाचा त्याच्याइतका अनुभव क्वचितच कोणाला असेल. तो दिमिष्कातून टोपलीत बसून गावकुसावरून उतरला आणि निसटला. बिथुनियात जायचा त्याचा बेत होता, आत्म्याने जाऊ दिले नाही, तेव्हा तो बेत सोडून त्रोवसास गेला. करिंथात पैशांची सोय नव्हती तेव्हा त्याने राहुट्या करण्याचा आपला जुना धंदा हाती धरला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. शरीरातला काटा काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे उत्तर मिळाले, आणि मग त्या विनंतीचा उल्लेख थांबतो. चौथ्यांदा मागितले नाही म्हणून पौलाचा विश्वास कमी झाला असे आपण म्हणत नाही. मार्ग, गाव, बेत, धंदा, इतकेच काय पण प्रार्थनेची मागणीसुद्धा त्याने बदलली. ज्याने त्याला बोलावले त्याला मात्र तो धरून राहिला.

तुम्ही छपाईच्या कामात आहात म्हणून इंग्रज मिशनरी विल्यम केरीचेही उदाहरण देतो. तो 1793 साली बंगालमध्ये आला, आणि पोटासाठी 1794 पासून मदनावती येथील निळीचा कारखाना सांभाळू लागला. तिथेच त्याचा लहान मुलगा वारला आणि पत्नीचे मानसिक आजारपण वाढले. निळीचे काम फसले. ते त्याने सोडले आणि 1800 च्या जानेवारीत तो बंगालमधल्याच श्रीरामपूरला (सेरामपूरला) गेला. त्याच्या सेवेतला पहिला बाप्तिस्मा झाला तो त्याच वर्षाच्या 28 डिसेंबरला, म्हणजे भारतात पाऊल ठेवल्यानंतर सात वर्षांनी. मराठीचे व्याकरण त्याने 1805 साली प्रसिद्ध केले. पुढे 11 मार्च 1812 रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली, कागद, टाइप आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळाली. छापयंत्रे वाचली, अक्षरांचे ठसे राखेत सापडले, वितळलेल्या धातूतून पुन्हा टाइप ओतले गेले, आणि बायबलची भाषांतरे नव्याने सुरू झाली. काही हस्तलिखिते मात्र कायमचीच गेली. या सगळ्यात केरीने निळीचा कारखाना धरून ठेवला नाही आणि भाषांतर सोडले नाही. दोन्ही निर्णय एकाच माणसाचे, एकाच विश्वासातले आहेत. तुमचे दुकान या दोहोंपैकी कशासारखे आहे हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारावा. मला दुरून ते निळीच्या कारखान्यासारखे दिसते, परंतु मी चुकत असेन.

कारण याची दुसरी बाजूही आहे आणि ती दडवणे बरोबर होणार नाही. कधीकधी सगळे सोडून दे म्हणत असताना धरून राहणेच योग्य असते. आमच्या मंडळीतील एक मुलगी परिचारिकेच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. घरचे लग्नाचे म्हणू लागले, आणि मी तिला तिसऱ्यांदा बसायला सांगितले. त्यात पणाला लागले होते ते फक्त तिचे श्रम आणि एक वर्ष. दुसऱ्या कोणाचा पैसा त्यात नव्हता, आणि पेपर कुठे कच्चे गेले ते आम्हाला नेमके माहीत होते. पंडिता रमाबाईंच्या, विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातून 1893 साली धर्मांतराच्या भीतीने अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित लोक बाजूला झाले, तेव्हा सदन बंद करणे सोपे होते. रमाबाईंनी ते बंद केले नाही, कारण ज्या विधवांना दुसरे दार नव्हते त्या अजून दारात उभ्या होत्या. पुढे प्लेगच्या काळात पुण्यात मुलींना ठेवणे कठीण झाले तेव्हा त्यांनी जागा सोडली आणि केडगावच्या शेतावर बिऱ्हाड नेले. मूळ भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर हे त्यांचे अखेरच्या वर्षांचे काम. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी ते चालू राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, आणि 1924 साली ते संपूर्ण छापले गेले. छापलेला संपूर्ण ग्रंथ त्यांना हातात घेता आला नाही.

यिर्मया संदेष्ट्याची गोष्टही मला या संदर्भात फार मोलाची वाटते. यरुशलेमेला वेढा पडलेला असताना, तो स्वतः कैदेत असताना, त्याने अनाथोथ येथील शेत 17 शेकेल रुपे तोलून विकत घेतले. सर्व चिन्हे विरुद्ध असताना केलेला हा व्यवहार होता, पण तो कसा केला ते पाहा. खरेदीखत लिहिले, साक्षीदार घेतले, मोहर केली, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवले. पैसे त्याचे स्वतःचे होते, उसने नव्हते. शेताचे पीक आपल्याला खायला मिळणार नाही हेही त्याला माहीत होते. देवाच्या शब्दावर मोठे धाडस करणारा माणूस कागदपत्रांत इतका चोख असतो, हे मी प्रत्येक कर्जदार विश्वासी माणसाला दाखवतो.

तेव्हा आता प्रत्यक्ष काय करावे याकडे येतो. येत्या शनिवारी रात्री पत्नीसह बसा आणि गेल्या बारा महिन्यांची जमा आणि खर्च एका कागदावर मांडा. त्यात स्वतःची मजुरीही धरा, कारण फुकट राबून चालवलेले दुकान नफ्यात असल्याचा भास होतो. भाडे, वीज, शाई, कागद आणि कामगाराचा पगार देऊन, तुमच्या मजुरीसह, काही उरते का ते पाहा. उरत असेल तर पत्रिकांचे काम कमी करून दुसरे काही छापता येईल का, याचा विचार करायला जागा आहे. उरत नसेल आणि तूट सावकाराच्या पैशाने भरली जात असेल, तर प्रत्येक महिना तुमच्या मुलांच्या खिशातून जात आहे. दोघांनी मिळून एक तारीख ठरवा, तीन महिन्यांपलीकडची नको, आणि तोवर काय घडले तर पुढे जायचे ते आजच लिहून ठेवा. तारीख ठरवणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे नव्हे. आपल्या मनाला रोज नवी मुदत मागण्याची सवय असते, तिला घातलेला तो बांध आहे. या काळात सावकाराकडून एक रुपयाही नवा घेऊ नका, आणि यंत्र विकून आलेला पहिला पैसा त्याच्याकडेच जाऊ द्या. बँकेत स्वतः जाऊन हप्त्यांची फेरआखणी होते का ते विचारा, नोटीस येण्याची वाट पाहू नका.

दुकान बंद करणे हे काही दिवसांचे काम आहे. त्यानंतर कोणाच्या तरी छापखान्यात पगारावर काम करीत, पूर्वीच्या गिऱ्हाइकांना रस्त्यात भेटत, महिन्याला ठरलेली रक्कम फेडत राहणे हे चार-पाच वर्षांचे काम असेल. तुमच्या चिकाटीची खरी गरज मला तिथे दिसते, आणि त्या वर्षांसाठी तुमची शक्ती शिल्लक राहावी म्हणून हे सगळे लिहीत आहे.

प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत असेही तुम्ही शेवटी लिहिले आहे. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला, तो पुन्हा झोपला तरी झोपू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवून म्हटले की हा प्रवास तुला झेपण्यासारखा नाही, खाऊन घे. तुम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून प्रार्थना करता, त्याऐवजी काही दिवस वेळेवर जेवा आणि झोपा. शब्द हवे असतील तर तेरावे स्तोत्र घ्या, त्यात दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर’ असे देवालाच विचारले आहे. तेही जमले नाही तर 88 वे स्तोत्र आहे, जे अंधारातच संपते आणि तरीही उपासनेच्या पुस्तकात आहे.

वडीलमंडळींशी मात्र एकदा बोला, टाळू नका. त्यांना वाटते की यश आले तर विश्वास सिद्ध होईल. त्यांना आपल्याच भागातील कॅथलिक धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया यांची आठवण द्या. देवास जिल्ह्यातील उदयनगरच्या परिसरात गरीब शेतकऱ्यांची सावकारीतून सुटका व्हावी म्हणून त्या काम करीत होत्या, आणि 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमधून त्यांना खाली ओढून ठार मारण्यात आले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, पण त्या बसमध्ये त्यांच्याजवळ यशाची कोणती खूण होती? वडीलमंडळींपैकी दोघे तुमच्यासाठी प्रार्थना करण्याइतके जवळचे असतील, तर शनिवारचा तो कागदही त्यांना दाखवा. हिशेब पाहिल्यावर त्यांच्या प्रार्थना बदलतील असा माझा अनुभव आहे.

राहिला फलक. बंद दुकानावर ते वचन पाहून लोक हसतील अशी तुम्हाला भीती वाटते. बायबलमधील पहिले शमुवेल या पुस्तकात एबन-एजर, म्हणजे ‘साहाय्याचा दगड’, हे नाव दोन प्रसंगांत येते. पहिल्यांदा त्या नावाच्या ठिकाणाजवळ इस्राएलाची छावणी पडली होती, आणि तिथे ते हरले, 30,000 माणसे पडली, कराराचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी) शत्रू पलिष्ट्यांनी नेला. कोश परत आल्यावर किर्याथ-यारीम येथे वीस वर्षे गेली, आणि त्यानंतर शमुवेलाने दगड उभा करून तेच नाव दिले आणि तुमच्या फलकावरचा ‘येथवर’ हा शब्द उच्चारला. म्हणून कुलूप लावाल त्या दिवशी फलक भंगारात देऊ नका आणि रंगही फासू नका. पत्नीला आणि मुलाला घेऊन जा, दोघांच्या मदतीने तो उतरवा, आणि घरी आणून जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर लावा.